कर्जापोटी मूत्रपिंड

पुण्यात २०२२ साली उघडकीस आलेल्या मूत्रपिंड प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट मूळ तक्रारीच्या स्वरूपातच होती. एका स्त्रीला पंधरा लाख रुपयांचे आमिष दाखवून तिला एका परक्या रुग्णाची पत्नी म्हणून उभे करण्यात आले. तशी कागदपत्रे तयार झाली, ती तपासली गेली, मान्य झाली आणि शस्त्रक्रियाही पार पडली. ठरलेली रक्कम हाती पडेना तेव्हा तिने तक्रार केली, आणि मग कोठे दलाल, रुग्ण, इस्पितळ व मंजुरीचे दप्तर या सर्वांवर प्रकाश पडला. दलालाने आपला शब्द पाळला असता, तर काय झाले असते? शासनाच्या नोंदवहीत ते एका पत्नीने पतीच्या प्राणांसाठी केलेले दान म्हणून कायमचे नोंदले गेले असते, आणि एखाद्या समारंभात त्याचे कौतुकही झाले असते.

हे प्रकरण एकटे नाही. २०१६ साली मुंबईत पवईच्या एका खासगी इस्पितळात शस्त्रक्रिया ऐन वेळी थांबविण्यात आली, तेव्हाही रुग्णाची ‘पत्नी’ ही त्याची पत्नी नव्हती. २००८ च्या जानेवारीत दिल्लीजवळच्या गुरगाव येथे एका बंगल्यात चाललेले मूत्रपिंडांचे दुकान पोलिसांच्या हाती लागले. गवंडीकाम व मजुरीच्या मिषाने आणलेल्या माणसांची मूत्रपिंडे तेथे काढली जात होती. प्रत्येक वेळी चार-आठ दिवस खळबळ उडते, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात, काही डॉक्टरांना अटक व जामीन होतो, आणि पुढचा दलाल वेगळ्या शहरात वेगळी कागदपत्रे तयार करू लागतो. गुन्हेगार हुशार असतात, हे या सातत्याचे अर्धेच स्पष्टीकरण झाले. उरलेले अर्धे अवयवांच्या टंचाईत, कर्जात आणि कायदा ज्या रीतीने राबविला जातो त्या रीतीत शोधावे लागेल.

यांपैकी कर्जाचा विचार प्रथम केला पाहिजे. कारण महाराष्ट्राला त्याची ओळख फार जुनी आहे. २०१५ च्या डिसेंबरमध्ये अकोल्यात जे प्रकरण बाहेर आले त्यात दलालाच्या जोडीला सावकार होता. कर्ज फिटत नाही, व्याज चढत चालले आहे, विकायला शेत उरलेले नाही. मग ‘एक मूत्रपिंड गेले तरी माणूस जगतो’ असा सल्ला कर्जदाराला देण्यात आला, आणि काहींना त्यासाठी थेट श्रीलंकेपर्यंत नेण्यात आले. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडून कर्जखते जाळली, तेव्हा त्या खतांवर जमीन, बैल आणि घराचे वासे गहाण होते. चार वर्षांनी इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. स्वतंत्र भारतातही सावकारीवर निर्बंध घालणारे कायदे झाले. महाराष्ट्राचा नवा कायदा २०१४ चा आहे. त्यानंतरच्याच वर्षी, त्याच राज्याच्या विदर्भात, माणसाच्या कुशीतील अवयव तारण म्हणून मोजला जावा, हे सावकारी कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल पुरेसे सांगून जाते. अवयवांच्या व्यापारावर बोलताना आरोग्य खात्याकडे बोट दाखविणे सोपे असते. परंतु या व्यापाराचा कच्चा माल सहकार खात्याच्या अखत्यारीतून येतो, याकडे क्वचितच कोणी लक्ष देते.

विकणाऱ्याचे पुढे काय होते? याविषयी भावनेने बोलण्याचे कारण नाही, कारण मोजमाप झालेले आहे. चेन्नईत मूत्रपिंड विकलेल्या ३०५ माणसांची पाहणी २००१ साली करण्यात आली व तिचे निष्कर्ष २००२ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी मूत्रपिंड विकले होते. कबूल केलेल्या रकमेपेक्षा हाती आलेली रक्कम सरासरीने कमी होती. कर्ज फेडण्यासाठी विकणाऱ्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश लोक पाहणीच्या वेळीही कर्जबाजारीच होते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सरासरी एक-तृतीयांशाने घटले होते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांचे प्रमाण ५४ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेले होते. ८६ टक्क्यांनी प्रकृती ढासळल्याचे सांगितले. आणि दुसऱ्या कोणी मूत्रपिंड विकावे काय, असे विचारले असता ७९ टक्के लोक ‘नको’ म्हणाले. विकणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. हमाली, मजुरी, डोक्यावर पाटी घेऊन फिरती विक्री, यांवर ज्यांचे पोट आहे त्यांच्या शरीरावर मोठी शस्त्रक्रिया होते, नंतर विश्रांती नसते, तपासणी नसते, आणि जड ओझे पूर्वीसारखे उचलवत नाही. उत्पन्न घटणार नाही तर काय होईल?

हे आकडे एका युक्तिवादासाठी मुद्दाम आठवले पाहिजेत. मूत्रपिंडाची विक्री चोरून होतेच आहे, तर ती कायदेशीर करून तिचे नियमन का करू नये, असे काही विचारवंत व अर्थशास्त्री अधूनमधून सुचवितात व इराणचा दाखला देतात. इराणने १९८८ पासून मोबदल्याची अधिकृत पद्धत चालविली आहे, हे खरे. परंतु तेथेही मूत्रपिंड देणारे प्रामुख्याने गरीबच असतात. नियमनामुळे दलाल बाजूला होईल. कर्ज बाजूला होत नाही. किंमत कायदेशीर झाली की ती कर्जदाराच्या मालमत्तेत धरली जाईल, आणि ‘तुझ्याकडे अजून काही लाखांचे मूत्रपिंड आहे’ हे सावकाराचे वाक्य आज गुन्हा आहे ते उद्या हिशेब ठरेल. ज्या देशात किमान वेतनाचे नियमन धडपणे होत नाही, तेथे मूत्रपिंडाच्या भावाचे नियमन न्याय्य होईल, असे मानायला बराच आशावाद लागतो.

मुंबईने तो मोकळा बाजार प्रत्यक्ष पाहिलेला आहे. हृदयरोपणाचा भारतातील पहिला प्रयत्न डॉ. प्र. के. सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात केला. दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तिआन बर्नार्ड यांनी जगातील पहिले हृदयरोपण केले त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण वाचला नाही. परंतु सार्वजनिक रुग्णालयातील भारतीय शल्यविद्येची ती धडाडी होती. पुढे ऐंशीच्या दशकात शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून सायक्लोस्पोरिन हे औषध आले, नातेवाइकाचेच मूत्रपिंड हवे ही वैद्यकीय निकड सैल झाली, आणि तेव्हाच्या मुंबई-मद्रासेत आखाती देशांतून श्रीमंत रुग्ण येऊ लागले. संयुक्त अरब अमिराती व ओमान येथील अशा १३० रुग्णांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये १९९० साली प्रसिद्ध झाला. मुंबईत विकतचे मूत्रपिंड बसवून घेतलेल्या या रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण मोठे होते, आणि काहींना एड्सच्या विषाणूची बाधा झाल्याचे आढळले. विकत देणाऱ्याचीच नव्हे, विकत घेणाऱ्याचीही फसवणूक होत होती.

या बाजाराला उत्तर म्हणून १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने संसदेने तो राज्यघटनेच्या २५२ व्या अनुच्छेदाखाली, राज्यांच्या ठरावांवरून केला. आणि आरंभी तो ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यांत हिमाचल प्रदेशासह महाराष्ट्र व गोवा ही दोन राज्ये होती. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो अमलात आहे. २०११ साली त्याची दुरुस्ती होऊन अवयवांच्या व्यापारासाठी पाच ते दहा वर्षांची कैद व वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड अशी कठोर शिक्षा ठेवण्यात आली. कायद्याच्या कडकपणात, म्हणजे, काही उणे नाही.

उणे आहे ते दारावरच्या तपासणीत. जवळच्या नातेवाइकाने अवयव दिल्यास नात्याचा पुरावा पाहावयाचा. नातेवाईक नसेल, तर रुग्णाविषयी ‘आपुलकी वा जिव्हाळा’ अथवा अन्य विशेष कारणाने तो अवयव देत आहे, अशी प्राधिकार समितीने खात्री करून घ्यावयाची. म्हणजे दलालापुढे दोन वाटा राहतात: नात्याचा कागद बनविणे किंवा जिव्हाळ्याची कथा रचणे. गेल्या तीस वर्षांत मालकाविषयी अपार जिव्हाळा वाटणारे कितीतरी मोटारचालक, स्वयंपाकी व कामगार अशा समित्यांपुढे उभे राहिले. मालकाला आपल्या मोटारचालकाविषयी असा जिव्हाळा वाटल्याचे मात्र सहसा ऐकिवात येत नाही. जिव्हाळा नेहमी खालून वर वाहतो, ही एकच खूण समितीने सावध व्हावे म्हणून पुरेशी होती.

२०१४ च्या नियमांत या बाबतीत काही चांगल्या तरतुदी आहेत. समितीपुढील मुलाखतीचे चित्रमुद्रण झाले पाहिजे. आणि दाता स्त्री असेल तर अधिक काळजी घेऊन तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज अन्य व्यक्तीकडून पडताळून घेतली पाहिजे, असे नियम सांगतात. हा दुसरा नियम अक्षरशः पाळला गेला असता, तर पवई आणि पुणे येथील दोन्ही ‘पत्नीं’चे सोंग टिकले असते काय? शेजाऱ्याला विचारणे, शिधापत्रिका, मुलांच्या शाळेतील नोंद, बँकेचे पासबुक हे सारे एकमेकांशी ताडून पाहणे, हे काम तहसील कचेरीतील एखादा अनुभवी कारकून दोन दिवसांत करू शकेल. समितीवरील नामवंत डॉक्टरांना त्यासाठी वेळही नसतो आणि सवयही नसते. त्यांच्या हाती एक नीटनेटकी फाईल येते. फाईल जितकी नीटनेटकी, तितका दलाल मुरलेला, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

खटल्यांची गतही पाहण्यासारखी आहे. या कायद्याखालील गुन्ह्याची दखल न्यायालय कोणाच्याही फिर्यादीवरून घेऊ शकत नाही. फिर्याद सक्षम प्राधिकाऱ्याची असावी लागते, अथवा त्या प्राधिकाऱ्याला किमान साठ दिवसांची नोटीस देऊन मग इतर व्यक्तीला न्यायालयात जाता येते. डॉक्टरांना खोडसाळ खटल्यांपासून संरक्षण हवे, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु दोन महिन्यांत किती कागद जागचे हलू शकतात! शिवाय मूत्रपिंड विकणाराही कायद्याच्या अक्षराप्रमाणे गुन्हेगारच ठरतो. म्हणजे ज्याच्या जबाबावाचून दलालावर काहीच सिद्ध होत नाही, त्यालाच तोंड उघडण्याची भीती. विकणाऱ्याने साक्ष दिल्यास त्याला शिक्षेतून सूट मिळण्याची हमी आणि प्राधिकाऱ्याने ठरावीक मुदतीत फिर्याद दाखल करण्याची सक्ती, या दोन सुधारणांनी जे साधेल ते शिक्षेची वर्षे वाढवून साधणार नाही.

एवढे करूनही टंचाई राहतेच. मूत्रपिंड निकामी झालेला माणूस आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडून घेतो. नोकरी सुटते, घरातील आणखी एक माणूस त्याच्यामागे अडकतो, दागिने आणि भविष्य निर्वाह निधी संपत जातो. अशा घरातील माणूस दलालाचे ऐकतो तेव्हा तोही एका परीने बुडता असतो. त्याला केवळ कायद्याची कलमे वाचून दाखविणे हे उत्तर नव्हे. उत्तर आहे ते मृत्यूनंतर मिळणाऱ्या अवयवांचे. आणि तेथे आपण फार मागे आहो.

२०२३ साली भारतात अठरा हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली. त्या वर्षी मरणोत्तर अवयवदात्यांची संख्या देशात प्रथमच एक हजाराच्या वर गेली. एकशेचाळीस कोटींच्या देशात ही मजल. दहा लाख लोकसंख्येमागे एक दाताही नाही. स्पेनमध्ये हेच प्रमाण पन्नासच्या आसपास आहे. याच देशात रस्त्यांवरील अपघातांत दरवर्षी दीड लाखांहून अधिक माणसे मरतात. बाकीची सारी प्रत्यारोपणे जिवंत माणसाच्या शरीरातून घेतलेल्या अवयवांवर चालली आहेत, आणि हा जिवंत माणूस कोण असतो? राष्ट्रीय अवयव संघटनेच्या नोंदींप्रमाणे १९९५ ते २०२१ या काळातील ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांसाठी व ६,९४५ स्त्रियांसाठी झाली. देणाऱ्यांच्या रांगेत मात्र पत्नी आणि आई यांची गर्दी असते. ज्याला दान म्हणून गौरविले जाते, त्यात ‘तो मिळवता आहे’ या वाक्याचा वाटा किती, हे कोणत्याही समितीने आजवर मोजलेले नाही.

मरणोत्तर दानाच्या आड अंधश्रद्धा येते, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते पूर्ण खरे नाही. अडचण अधिक साधी आहे. डोक्याला जबर मार बसून मेंदूचा स्तंभ कायमचा मृत होतो, तरी श्वसनयंत्राच्या आधाराने छाती हलत राहते, हाताला ऊब असते, पडद्यावर हृदयाचे ठोके दिसतात. बेशुद्ध माणूस शुद्धीवर येऊ शकतो. मस्तिष्कस्तंभ मृत झालेला माणूस येत नाही. हा फरक शाळेच्या पुस्तकात नसतो, आणि तो समजून घेण्याची पहिली वेळ त्याच रात्री, अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर येते. कायद्याने येथे चांगली काळजी घेतली आहे: चार डॉक्टरांचे मंडळ, निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा केलेल्या त्याच त्या चाचण्या, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूचा त्यात संबंध नाही. पण बावीस वर्षांच्या मुलाच्या आईला हे कोण सांगणार? अशा वेळी व्यासपीठावरून दधीचीचे नाव घेणाऱ्यांचा काही उपयोग नसतो. दधीची ऋषी होता. त्याने आपली हाडे स्वतः, शुद्धीवर असताना दिली. येथे निर्णय घ्यावयाचा असतो तो दुसऱ्याच्या देहाविषयी, आणि तोही ज्याला लहानाचे मोठे केले त्याच्या. त्या घटकेला जवळ बसून, घाई न करता, समजेल अशा भाषेत बोलणारा एक शिक्षित समन्वयक लागतो.

स्पेनने नेमके हेच केले. तेथे १९७९ पासून प्रत्येक नागरिकाची संमती गृहीत धरणारा कायदा आहे. तरी आकडे वाढले ते १९८९ साली राष्ट्रीय संघटना उभारून इस्पितळांत या कामासाठी प्रशिक्षित डॉक्टर नेमल्यानंतर. आणि कायदा काहीही म्हणो, तेथे कुटुंबाला विचारल्यावाचून अवयव घेत नाहीत. आपल्याकडे २०११ च्या दुरुस्तीने अतिदक्षता विभागात नातेवाइकांना विचारणा करणे हे कर्तव्य ठरविले आहे. परंतु जिल्हा रुग्णालयात मस्तिष्कस्तंभ मृत्यूची तपासणीच झाली नाही, तर विचारणा कशाची करणार?

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. ज्या चेन्नईच्या एका उपनगराला मूत्रपिंड विक्रीमुळे कुचेष्टेचे टोपणनाव पडले होते, आणि जेथे त्सुनामीने उघड्यावर आणलेल्या कोळणींनी मूत्रपिंडे विकल्याचे २००७ च्या आरंभी बाहेर आले, त्याच तामिळनाडूने २००८ पासून मरणोत्तर अवयवदानाची शासकीय योजना आखली. त्याच वर्षी एका डॉक्टर दांपत्याने अपघातात मेंदू मृत झालेल्या आपल्या किशोरवयीन मुलाचे अवयव दिले. शहरातील वाहतूक थांबवून त्याचे हृदय एका लहान मुलीपर्यंत पोहोचविण्यात आले. लोकांच्या मनात जे व्याख्यानांनी झाले नव्हते ते त्या एका दिवसाने झाले. पण एका दिवसावर विसंबून न राहता शासनाने यादी, आदेश व समन्वयक यांची यंत्रणा उभी केली, म्हणून ते राज्य पुढे गेले. २०२३ पासून तेथे अवयवदात्याला शासकीय इतमामाने निरोप दिला जातो.

तेथेही डाग लागलाच. काही हृदये प्रतीक्षेतील भारतीयांना वगळून परदेशी रुग्णांना मिळाल्यावरून २०१८ साली वाद झाला. हा मुद्दा महाराष्ट्रानेही मनावर घेण्यासारखा आहे. अपघातात दगावणारा बहुधा दुचाकीवरचा तरुण असतो, त्याचे कुटुंब साधे असते. प्रत्यारोपणे मात्र बहुतांशी खासगी इस्पितळांत होतात आणि तेथील खर्च, पुढील आयुष्यभराच्या औषधांसह, त्याच साध्या कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा असतो. गरिबाने द्यावे आणि श्रीमंताने घ्यावे, हे चित्र काळ्या बाजारात दिसते तसेच दानाच्या यादीतही दिसू लागले, तर लोक दानाकडे पाठ फिरवतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. विभागीय समन्वय केंद्रांनी प्रत्येक अवयव कोणत्या क्रमांकाच्या रुग्णाला व का गेला, वरच्या क्रमांकाचा रुग्ण का वगळला, हे नावे गुप्त राखून प्रसिद्ध करावे. मुंबईतील केईएमसारख्या महापालिका व शासकीय रुग्णालयांत प्रत्यारोपणाच्या जागा वाढल्या पाहिजेत. निधी आखताना हे काम शोभेचे समजले जाऊ नये.

जिवंत दात्याचाही विचार राहून जातो. केंद्र सरकारने २०२३ साली आपल्या कर्मचाऱ्यांना अवयवदानासाठी ४२ दिवसांची विशेष रजा मंजूर केली, हे योग्य झाले. परंतु भावाला मूत्रपिंड देणारा यंत्रमाग कामगार किंवा रोजंदारीवरची शेतमजूर बहीण यांना रजा देणारे कोणी नसते. अवयवाची किंमत म्हणजे काय याची व्याख्या करताना १९९४ च्या कायद्यानेच एक अपवाद सांगून ठेवला आहे: अवयव दिल्यामुळे दात्याला प्रत्यक्ष सोसावा लागलेला खर्च व बुडालेली मिळकत ही किंमत ठरत नाही. म्हणजे नात्यातील खऱ्या दात्याची दोन महिन्यांची मजुरी आणि पुढील काही वर्षांच्या वार्षिक तपासण्या शासनाने आपल्या निधीतून दिल्या, तर तो व्यापार होत नाही. त्यासाठी संसदेत जाण्याची गरज नाही. राज्याच्या आरोग्य खात्याचा एक शासननिर्णय आणि अंदाजपत्रकातील एक शीर्षक पुरेसे आहे.